प्रोस्टेट वाढली म्हणजे नेमकं काय? कोल्हापूरच्या ओपीडीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोलॉजीच्या ओपीडीत साठी ओलांडलेले आबा, अण्णा, मामा येतात. सोबत मुलगा किंवा जावई असतो आणि हातात सोनोग्राफीचा लिफाफा. विचारायचं बरंच असतं, पण अर्धं संकोचामुळे राहून जातं आणि अर्धं रांगेमुळे. ते प्रश्न इथे घेतले आहेत. हे तुम्हाला प्रत्यक्ष तपासून लिहिलेलं नाही, त्यामुळे औषध सुरू-बंद करण्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

रिपोर्टमध्ये 'प्रोस्टेट ४८ ग्रॅम, ग्रेड २' असं आलंय. किती गंभीर आहे?

निव्वळ या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. ओपीडीत सगळ्यात जास्त वेळ हेच पटवण्यात जातो. तरुणपणी या ग्रंथीचं वजन साधारण २० ग्रॅम असतं. पन्नाशीनंतर ती हळूहळू वाढते. 'ग्रेड' हा त्या वाढीच्या आकाराचाच अंदाज. ४८ ग्रॅम म्हणजे वाढलेली आहे, पण वाढली म्हणजे अडवतेच असं नाही. ९० ग्रॅमची ग्रंथी घेऊन मजेत फिरणारे लोक आहेत आणि ३० ग्रॅमच्या ग्रंथीने लघवी पूर्ण तुंबून रात्री अपघात विभागात आलेलेही आहेत.

कारण साधं आहे. उसाच्या पाटाशेजारचा बांध बाहेरच्या अंगाने कितीही रुंद झाला तरी पाणी जायचं थांबत नाही, पण पाटातच एक ढेकूळ पडलं की सगळं अडतं. प्रोस्टेटचं तसंच. ती बाहेरच्या बाजूला वाढली तर त्रास कमी. आतल्या बाजूला, मूत्रनलिकेवर दाब देत वाढली किंवा मधला भाग मूत्राशयाच्या तोंडात वर आला, तर ग्रंथी लहान असूनही त्रास जास्त.

म्हणून उपचार ठरवताना आम्ही तीन गोष्टी बघतो: तुम्हाला त्रास किती आहे, लघवी केल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते आणि किडनीवर ताण आलाय का. ग्रॅमचा आकडा त्यानंतर येतो. ऑपरेशन कोणत्या पद्धतीने करायचं किंवा कोणती गोळी लागू पडेल हे ठरवताना त्याचा खरा उपयोग होतो.

ही ग्रंथी असते कुठे आणि वाढते का?

मूत्राशयाच्या अगदी खाली, मूत्रनलिकेला चहूबाजूंनी वेढून. वीर्यातला पातळ द्रव तयार करणं हे तिचं काम. ती फक्त पुरुषांत असते आणि पुरुष संप्रेरकांच्या जिवावर वाढते. टेस्टोस्टेरॉनचं शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन होतं आणि ते ग्रंथीच्या पेशींना वाढायला लावतं. साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, पंच्याऐंशीपर्यंत दहापैकी नऊ जणांत. म्हणजे केस पिकण्यासारखाच हा वयाचा भाग. सायकल चालवल्याने, जास्त वेळ बसल्याने किंवा तरुणपणीच्या कुठल्या 'चुकीने' ती वाढत नाही. हा शेवटचा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

लक्षणं कोणती? वय झालं की एवढं चालायचंच की!

'चालायचंच' म्हणत लोक वर्षानुवर्षं काढतात, ही खरी अडचण आहे. त्रास दोन तऱ्हेचा असतो. एक, लघवी बाहेर पडताना: सुरू व्हायला वेळ लागणं, धार बारीक होणं, मध्येच तुटणं, जोर करावा लागणं, झाल्यावरही थेंब थेंब गळणं, पूर्ण झाली असं न वाटणं. दुसरा, लघवी साठवताना: सारखं जावंसं वाटणं, लागली की दम न निघणं, रात्री दोन-तीनदा उठणं.

हे मोजायला सात प्रश्नांचा एक तक्ता जगभर वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण, एकूण ३५. सातपर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढे तीव्र. त्यात आठवा प्रश्न वेगळा असतो: 'उरलेलं आयुष्य याच त्रासासह काढायचं झालं तर तुम्हाला कसं वाटेल?' आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. कारण एकाच गुणसंख्येचे दोन पेशंट अगदी वेगळे असू शकतात. घरी निवांत असणाऱ्याला दीड-दोन तासांनी उठण्याचं काही वाटत नाही; एसटीच्या ड्रायव्हरला किंवा मार्केट यार्डातल्या हमालाला त्याच त्रासाने काम करणं मुश्कील होतं. तक्ता मुलाने भरू नये. पेशंटला वाचून दाखवावा आणि उत्तर त्याचंच लिहावं.

वडील रात्री चार वेळा उठतात. प्रोस्टेटच ना?

असू शकते, पण इथे घाई करू नका. फक्त रात्रीच त्रास असेल आणि दिवसा धार चांगली असेल, तर प्रोस्टेटच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही आणि मग 'औषध लागू पडलं नाही' असं म्हणत डॉक्टर बदलण्याचा फेरा सुरू होतो.

रात्री लघवी जास्त तयार होण्याची कारणं पुष्कळ आहेत. साखर वाढलेली असेल तर दिवस-रात्र दोन्ही वेळी लघवी जास्त होते. संध्याकाळपर्यंत पायांवर सूज येत असेल, तर आडवं झाल्यावर ते पाणी पुन्हा रक्तात येतं आणि किडनी ते बाहेर टाकते. यामागे हृदयाचा अशक्तपणाही असू शकतो. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं यानेही रात्रीची लघवी वाढते. ब्लडप्रेशरची पाणी काढणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारून बदलता येते. आणि काही वेळा झोपच उडालेली असते. जाग आलीच आहे तर जाऊन येऊ, असं होतं.

हे ओळखायला एक फुकटचा उपाय आहे. तीन दिवस वही ठेवा. मापाचं प्लास्टिकचं भांडं घ्या आणि प्रत्येक वेळी किती वाजता, किती मिली लघवी झाली ते लिहा. शेजारी किती पाणी, चहा, ताक प्यायलात तेही. झोपल्यापासून सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंतची बेरीज चोवीस तासांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त आली, तर दोष बहुधा प्रोस्टेटचा एकट्याचा नाही. रात्री प्रत्येक वेळी ३००-४०० मिली होत असेल तर मूत्राशय आपलं काम चोख करतंय. प्रत्येक वेळी ६०-७० मिलीच होत असेल तर अडथळ्याचा किंवा मूत्राशयाच्या चिडचिडेपणाचा संशय येतो. अशी वही घेऊन आलेल्या पेशंटचं निम्मं निदान खुर्चीत बसतानाच होतं.

कोणत्या तपासण्या लागतात? बोटाने तपासणी टाळता येत नाही का?

लघवीची साधी तपासणी, गरज वाटल्यास कल्चर (कोणते जंतू आहेत ते बघणं), रक्तातली साखर आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा), पोटाची सोनोग्राफी आणि बहुतेकांना पीएसए ही रक्ततपासणी. एवढ्यावर बहुतांश निदान होतं.

गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी अर्ध्या मिनिटाची असते. अवघडल्यासारखं होतं, पण दुखत नाही. ग्रंथी मऊ-गुळगुळीत आहे की कुठे दगडासारखी टणक गाठ लागते, हे बोटालाच कळतं. सोनोग्राफीत ते हुकू शकतं. डॉक्टरांनी ही तपासणी केली म्हणून नाराज होणारे असतात. खरं तर तपासणी न करताच वर्षभराच्या गोळ्या लिहून दिल्या तर तक्रार करावी.

धारेची तपासणी, म्हणजे युरोफ्लो, यंत्राला जोडलेल्या भांड्यात लघवी करून होते. सेकंदाला १५ मिलीच्या वर वेग असेल तर बहुधा ठीक, १० च्या खाली असेल तर अडथळ्याचा संशय. पण किमान १५० मिली लघवी झाली तरच आकडा ग्राह्य. शिवाय मूत्राशयाचा स्नायूच कमजोर असेल, जसं जुन्या मधुमेहात होतं, तरी वेग कमीच येतो. तिथे ऑपरेशनचा निर्णय जपून घ्यावा लागतो.

सोनोग्राफीबद्दल एक सूचना. 'पाणी पिऊन थांबा' असं सांगितल्यावर लोक दोन-तीन बाटल्या पितात आणि नंबर येईपर्यंत तासभर कळ काढतात. इतकं ताणलेलं मूत्राशय एका दमात रिकामं होत नाही, आणि रिपोर्टवर येतं: 'लघवीनंतर शिल्लक १८० मिली'. मग घरात सगळे घाबरतात. साधारण लागली असं वाटलं की लगेच सांगा, आणि शिल्लक जास्त आली तर पुन्हा एकदा शांतपणे जाऊन येऊन मोजायला सांगा.

पीएसए ६ आलाय. म्हणजे कॅन्सर?

नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही. पीएसए हे प्रोस्टेटने तयार केलेलं प्रथिन. ग्रंथी मोठी झाली तरी वाढतं, लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी वाढतं, लघवी तुंबून नळी घातली असेल तरीही वाढतं. ४ ही मिलिलिटरला नॅनोग्रॅममधली जुनी प्रचलित सीमा आहे. पाश्चात्त्य देशांच्या अनुभवानुसार ४ ते १० मध्ये आकडा असलेल्यांची बायोप्सी (ग्रंथीचा बारीक तुकडा काढून तपासणी) केली तर साधारण चौघांत एकाला कॅन्सर सापडतो. म्हणजेच तिघांना नसतो.

संसर्ग असेल तर तो बरा करून चार ते सहा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. तपासणीआधी दोन दिवस संबंध टाळावा. तरीही आकडा चढा असेल किंवा बोटाला गाठ लागली असेल तर एमआरआय आणि गरजेप्रमाणे बायोप्सी. साधी वाढ आणि कॅन्सर हे वेगळे आजार आहेत आणि बहुधा ग्रंथीच्या वेगवेगळ्या भागांत सुरू होतात. साध्या वाढीचा पुढे कॅन्सर 'होत' नाही; मात्र एकाच माणसात दोन्ही असू शकतात.

एक गोष्ट केसपेपरवर ठळक लिहून ठेवा: फिनास्टेराइड किंवा ड्यूटास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर पीएसए जवळपास निम्मा होतो. त्यामुळे त्या गोळीवर असताना आलेला ३ हा आकडा प्रत्यक्षात ६ समजावा. डॉक्टर बदलला आणि गोळीचं सांगायचं राहिलं, तर हा धोका नजरेतून सुटतो.

पाणी कमी प्यावं का? तांबडा-पांढरा रस्सा बंद?

रश्श्याने प्रोस्टेट वाढते असा कुठलाही पुरावा नाही. काही जणांना फार तिखटाने लघवीची जळजळ किंवा घाई वाढल्यासारखी वाटते. त्यांनी स्वतःपुरतं कमी करावं. बंद करण्यासारखं काही असेल तर रात्री उशिराचं जेवण आणि त्यासोबतची दारू. दारू लघवी वाढवते, मूत्राशय चिडवते आणि लागल्याची जाणीव बोथट करते. लघवी तुंबून येणाऱ्यांत 'काल जरा बसलो होतो' ऐकायला मिळतंच.

दिवसभराचं पाणी तोडू नका. उन्हात उसाच्या फडात काम करणाऱ्याने पाणी कमी केलं तर मुतखड्याला आमंत्रण. वाटप बदला: सकाळ-दुपार भरपूर, झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत घोट-दोन घोट. चहा-कॉफी संध्याकाळनंतर नको. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. भरलेलं आतडं मूत्राशयाच्या तोंडावर दाब देतं. लघवी झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करायची सवय लावा. उभ्याने नीट होत नसेल तर बसून करा, त्यात कमीपणा काही नाही.

गोळ्या कोणत्या आणि आयुष्यभर घ्याव्या लागतात का?

मुख्य दोन गट. पहिला गट मूत्राशयाच्या तोंडाचे आणि ग्रंथीचे स्नायू सैल करतो: टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन. काही दिवसांत फरक जाणवतो, पण ग्रंथी लहान होत नाही. दुसरा गट ग्रंथी आक्रसवतो: फिनास्टेराइड ५ मिलीग्रॅम किंवा ड्यूटास्टेराइड ०.५ मिलीग्रॅम. यांना सहा महिने द्यावे लागतात. ग्रंथी सुमारे पाव हिश्श्याने लहान होते आणि पुढे लघवी तुंबण्याची किंवा ऑपरेशनची वेळ येण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते. ग्रंथी मोठी असेल तरच यांचा फायदा. इथे ग्रॅमचा आकडा कामी येतो. २५ ग्रॅमच्या ग्रंथीला ही गोळी देऊन दुष्परिणामच पदरात पडतात.

मोठी ग्रंथी आणि बराच त्रास असेल तर दोन्ही एकत्र. घाईचाच त्रास जास्त असेल तर मूत्राशय शांत करणारी सॉलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉन जोडतात, पण शिल्लक लघवी जास्त नाही याची खात्री करून. टॅडालाफिल ५ मिलीग्रॅम रोज हाही एक पर्याय आहे. मात्र छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यांनी किंवा नायट्रेटची कुठलीही गोळी घेणाऱ्यांनी ती अजिबात घेऊ नये. रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो.

आयुष्यभर? गोळी परिणाम करते तोवर घ्यायची. बंद केली की त्रास बहुधा परत येतो. 'महिनाभर घेतली, बरं वाटलं, सोडली' या चक्रात फायदा कोणाचाच नाही.

गोळीने चक्कर येते. अजून काय दुष्परिणाम?

पहिल्या गटाने, विशेषतः सुरुवातीला, उठल्यावर रक्तदाब खाली येऊन चक्कर येते. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा, मग उभे राहा. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडणं हा प्रोस्टेटपेक्षा कितीतरी मोठा घोळ आहे. याच गटाने वीर्य कमी किंवा अजिबात न येणं होतं, सिलोडोसिनने अधिक. त्याने इजा काही होत नाही.

दुसऱ्या गटाने काहींची कामेच्छा कमी होते, ताठरता कमी होते, क्वचित छाती हुळहुळते. या गोळ्या फुटलेल्या किंवा गळक्या असतील तर घरातल्या गरोदर बाईने हाताळू नयेत, कारण पोटातल्या मुलाच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. ड्यूटास्टेराइड घेणाऱ्याने बंद केल्यावर सहा महिने रक्तदान करू नये ते याच कारणाने.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर नेत्रतज्ज्ञांना टॅमसुलोसिन चालू असल्याचं किंवा पूर्वी घेतल्याचं आधी सांगा. बाहुलीचा पडदा सैल पडून शस्त्रक्रिया अवघड होते; माहीत असेल तर ते तयारी ठेवतात. दोन्ही त्रास एकाच वयातले, म्हणून हे आठवणीने.

आयुर्वेदिक काढा किंवा जाहिरातीतली पावडर चालेल का?

गोक्षुर, वरुण या वनस्पती परंपरेने वापरात आहेत आणि नोंदणीकृत वैद्यांकडून घेत असाल तर आमचा आग्रहाने विरोध नाही. परदेशी सॉ पाल्मेटो या वनस्पतीच्या मात्र अमेरिकेत मोठ्या चाचण्या झाल्या, २००६ आणि २०११ साली निष्कर्ष आले, आणि नुसत्या रिकाम्या गोळीपेक्षा तिचा जास्त उपयोग दिसला नाही. बिननावाच्या पुडीतली भस्मं टाळा. शिसं-पारा किडनीला झेपत नाही. काहीही घेत असलात तरी क्रिएटिनिन आणि शिल्लक लघवी तपासत राहा. बरं वाटत असताना आत मूत्राशय भरत जाणं शक्य असतं.

लघवी एकदम बंद झाली. घरी काय करायचं?

दवाखाना गाठायचा. ओटीपोट फुगून टणक होतं, असह्य कळ येते आणि थेंब येत नाही. अशा वेळी घरचे सगळ्यात आधी तांब्याभर पाणी, बार्लीचं पाणी किंवा शहाळं पाजतात. हे करू नका. दरवाजा बंद आहे, त्यात आणखी भर घालून कळ वाढते. ओटीपोट दाबू नका, जोर लावायला लावू नका.

चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडीकडच्या लोकांना खास सांगणं: कोल्हापूरचा मोठा दवाखाना गाठायच्या नादात कळ काढत दोन-तीन तास घाटातून येऊ नका. नळी घालायला मोठं ऑपरेशन थिएटर लागत नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात बहुतेक वेळा ती घालता येते. मग आरामात या. तिथे नळी जात नसेल तर मात्र वारंवार प्रयत्न करू न देता पुढे या, कारण नलिकेला इजा झाली तर ती पुढे आकसते.

कारणं शोधली तर बऱ्याचदा ती घरातच असतात. सर्दीच्या गोळ्या हे मोठं कारण. त्यातलं फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन मूत्राशयाचं तोंड आवळतं, क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचा स्नायू ढिला पाडतं. पावसाळ्यात मेडिकलमधून परस्पर गोळी घेतली आणि रात्री लघवी तुंबली, असं चित्र जून ते सप्टेंबर दिसतं. शिवाय लांबचा प्रवास, पुण्याच्या बसमध्ये लाजून दाबून धरणं, आठवडाभराची बद्धकोष्ठता, हर्नियासारख्या ऑपरेशननंतरची भूल.

नळी घातली म्हणजे ऑपरेशन ठरलंच असं नाही. टॅमसुलोसिनसारखी गोळी सुरू करून दोन-तीन दिवसांनी नळी काढून पाहतात. बऱ्याच जणांना पुन्हा लघवी होते. नळी असेपर्यंत युरोबॅग, म्हणजे लघवी जमा होणारी पिशवी, कायम मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवा, खांद्याला अडकवून फिरू नका.

याहून फसवं असतं ते हळूहळू तुंबणं. कळ नसते. फक्त पोट पुढे आलंय, दिवसभर गळतंय, अंथरूण ओलं होतंय. घरचे म्हणतात, 'लघवी तर सारखी होतीय की!' प्रत्यक्षात काठोकाठ भरलेल्या मूत्राशयातून ती सांडत असते आणि तोवर क्रिएटिनिन वर गेलेलं असतं. म्हाताऱ्या माणसाने नव्याने अंथरुणात लघवी करायला सुरुवात केली तर डायपर आणण्याआधी सोनोग्राफी करा.

लघवीतून रक्त आलं तर?

एकदाच आलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं, तरीही दाखवा. वाढलेल्या प्रोस्टेटमधूनही येतं, पण तंबाखू-विडीची सवय असेल तर मूत्राशयाच्या कॅन्सरची शक्यता दुर्बिणीने बघून नाकारावी लागते.

ऑपरेशन नक्की कधी लागतं?

गोळ्या असूनही लघवी पुन्हा तुंबली, अडथळ्यामुळे किडनी बिघडू लागली, मूत्राशयात खडा झाला, वारंवार संसर्ग किंवा रक्तस्राव होऊ लागला, तर ऑपरेशन टाळण्यात अर्थ नसतो. याशिवाय गोळ्यांनी समाधान नाही किंवा त्या झेपत नाहीत असं पेशंट म्हणत असेल तर तेही पुरेसं कारण आहे. मात्र त्रास नाही, किडनी ठीक, शिल्लक कमी, आणि केवळ 'ग्रेड ३ आहे, पुढे वाढेल' म्हणून कोणी टेबलवर घेत असेल तर दुसरं मत घ्या.

लेसर चांगलं की साधं दुर्बिणीचं?

साधं म्हणजे टीयूआरपी. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून अडवणारा भाग तुकड्या-तुकड्यांनी कापून काढतात. बाहेर टाका नाही. कमरेखालची भूल पुरते. कित्येक दशकं हीच पद्धत मापदंड मानली गेली. आता बऱ्याच ठिकाणी बायपोलर यंत्रावर सलाइनमध्ये करतात, त्यामुळे धुण्याचं पाणी रक्तात शिरून सोडियम घसरण्याचा जुना धोका जवळपास संपला.

होलेप हे होल्मियम लेसरने अख्खा वाढलेला भाग कवचातून सोडवून काढण्याचं तंत्र, १९९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये विकसित झालेलं. ८०-१०० ग्रॅमच्या पुढच्या ग्रंथीत त्याचा खरा फायदा. पूर्वी अशा वेळी पोट उघडावं लागायचं. ती उघडी शस्त्रक्रिया लंडनमध्ये १९०० च्या सुमारास रूढ केली पीटर फ्रेयर यांनी. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या या सर्जनची आधीची बरीच वर्षं इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये, म्हणजे इकडेच गेली होती. होलेपमध्ये रक्तस्राव कमी होतो, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवरच्या पेशंटला तो सोयीचा.

पण ४०-५० ग्रॅमच्या ग्रंथीत, सरावलेल्या हाताने केलेलं टीयूआरपी आणि लेसर यांच्या निकालात पेशंटला जाणवण्याइतका फरक सहसा नसतो. 'लेसर' या नावाला भुलून कर्ज काढू नका. यंत्रापेक्षा सर्जनने ते तंत्र किती वेळा केलंय हे विचारा. विचारल्याचा राग चांगल्या सर्जनला येत नाही. ऍस्पिरिन-क्लोपिडोग्रेल चालू असेल तर सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. हृदयात स्टेंट बसवलेला असेल तर ते जिवावर बेतू शकतं.

ऑपरेशननंतर शेतात, गाडीवर कधी?

नळी साधारण एक ते तीन दिवस, दवाखान्यात दोन ते चार. सुरुवातीला जळजळ आणि घाई वाढते, क्वचित गळतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत सावरतं. दहाव्या-चौदाव्या दिवसाच्या आसपास आतली खपली सुटून लघवी लाल होऊ शकते. पाणी वाढवा, विश्रांती घ्या. गुठळ्या येऊ लागल्या किंवा लघवी अडली तर लगेच या. चार ते सहा आठवडे वैरणीचा भारा, पाण्याची कॅन, दुचाकी, ट्रॅक्टर बंद. चालायला हरकत नाही. रंकाळ्याची फेरी सपाट आहे.

काढलेला भाग तपासणीला गेला का आणि त्याचा रिपोर्ट काय आला, हे टाके-ड्रेसिंग नसल्याने लोक विसरतात. तो रिपोर्ट घ्यायचाच.

संबंधांवर परिणाम होतो का?

ताठरतेवर बहुधा होत नाही. आधीची जशी असेल तशी राहते. पण टीयूआरपी किंवा होलेपनंतर दहापैकी सहा-सात जणांत, कधी त्याहून जास्त, वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जातं. सुख कमी होत नाही, मूल होणं मात्र अवघड होतं. पन्नाशीतल्या ज्या माणसाला अजून मूल हवंय त्याने हे आधीच बोलावं. तशांसाठी वाफेचा किंवा ग्रंथी बाजूला ओढून धरणाऱ्या टाक्यांचा पर्याय काही मोठ्या शहरांत मिळतो. अडथळा तितका पूर्ण निघत नाही, पण वीर्य बऱ्याचदा टिकतं.

पुन्हा वाढते का?

कवच आणि बाहेरचा भाग आतच असतो, त्यामुळे वाढू शकते. टीयूआरपीनंतर वर्षाला शंभरात एक-दोघांना पुन्हा काही करावं लागतं. याच कारणाने ऑपरेशन झालं म्हणून पीएसए कायमचा बंद करायचा नसतो.

खर्चाचं काय? सरकारी योजनेत बसतं?

कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं सरकारी रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि मूत्ररोग शस्त्रक्रिया त्यात येतात. सत्तरी पूर्ण केलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड काढता येतं. ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली.

दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या मदतनीसाला, भेटा. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते पाहा. तुमची नेमकी शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेत आहे का, लेसरचे वेगळे पैसे मागणार का, हे आधीच विचारा. पैसे भरून झाल्यावर योजना लावून घेणं जवळपास अशक्य असतं.

वडिलांना झालं, मला होईल का?

वडिलांना किंवा भावाला साठीच्या आत ऑपरेशन लागलं असेल तर तुमची शक्यता वाढते. रोखण्याची खात्रीची गोळी नाही. वजन आणि साखर ताब्यात ठेवणं, हिंडतं-फिरतं राहणं याचा थोडा उपयोग होतो. त्रास नसेल तर दरवर्षी सोनोग्राफी करत बसू नका. मात्र घरात कोणाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर पंचेचाळिशीपासून, नसेल तर पन्नाशीपासून पीएसए करायची का, हे डॉक्टरांशी एकदा बोलून ठरवा.